थोरल्या कॅमेऱ्याचे चार सेकंद

२ फेब्रुवारी, रविवार

वही नवी, पेन जुनं. याआधी दोनदा रोजनिशी धरली आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांत सोडली. या वेळी कारण आहे. काल माझी जीभ घसरली आणि आता त्यातून जे काही होईल ते कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं.

काल अग्निशमन केंद्रात काटा तपासायला गेलो होतो. माझा धंदाच तो: दुकानांचे, दवाखान्यांचे, गोदामांचे वजनकाटे दुरुस्त करायचे, आणि ते खरं बोलतात की नाही ते पाहायचं. आग विझवायच्या लाल नळकांड्यांतला वायू कमी झालाय का हे वजनावरून कळतं, म्हणून केंद्रालाही वर्षातून एकदा माझी आठवण होते. काम आटोपून सही घ्यायला केंद्रप्रमुखबाईंच्या खोलीत गेलो तर भिंतीवर मोठा जुना फोटो. गणवेशातली एकोणीस माणसं, मागे बंबाचं नाक, आणि कोपऱ्यात माझ्या सासऱ्यांच्या स्टुडिओचा शिक्का.

बाई म्हणाल्या, केंद्राला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा तो फोटो. येत्या बावीस मार्चला पंच्याहत्तर होतायत. असाच फोटो, याच जागी, अशाच कॅमेऱ्यावर काढून हवाय, पण आता असं कोण करतं?

गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण मी म्हणालो, ज्यांनी हा काढला त्यांचा जावई तुमच्यासमोर उभा आहे, आणि माझ्याकडे एक्केचाळीस जुने कॅमेरे आहेत. बाईंनी लगेच हात पुढे केला.

इथे खरं लिहायला हरकत नाही. ज्या लाकडी कॅमेऱ्याच्या जिवावर मी बोललो, ज्याला मी थोरला म्हणतो, तो माझ्याकडे नऊ वर्षं आहे. त्याला मी तेल-पाणी करतो, पितळ घासतो. त्यावर फोटो काढलेत सहा. त्यातल्या एकात भिंत ओळखू येते.

बायकोला सांगितलं. ती बस डेपोत वेळापत्रक लावते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला किती उशीर होणार हे तिला आधीच कळतं. ती "बरं झालं" म्हणाली आणि बराच वेळ हसत राहिली. एवढं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

एक संकट कमी होतं म्हणून दुसरं. सासूबाई येतायत. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, आता महिना-दीड महिना आपल्याकडे राहतील, असं बायकोनं जाहीर केलं. राहणार माझ्या कॅमेऱ्यांच्या खोलीत, कारण दुसरी खोली नाही.

माझी तक्रार नाही. माणूस सरळ आहे. फार बोलत नाहीत, कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत. सासरे याच्या अगदी उलट होते. ते खोलीत आले की खुर्च्यासुद्धा सैल व्हायच्या. मला पहिला कॅमेरा त्यांनीच दिला. जाऊन आठ वर्षं झाली, स्टुडिओ तर त्याच्याही कितीतरी आधी बंद झाला. सासूबाई तिथे गल्ल्यावर बसायच्या, पावत्या लिहायच्या.

काचेचं कपाट खोलीतच राहील असं ठरलं. किल्ली माझ्याकडे.

९ फेब्रुवारी, रविवार

सासूबाई आल्या. काळा चष्मा, एक बॅग. जेवणं झाल्यावर मी त्यांना कपाट दाखवलं. ज्या माणसाच्या उशाशी एक्केचाळीस कॅमेरे आहेत त्याला त्यांची ओळख नको का? एकेक काढून सांगितलं: हा घडीचा, हा दुहेरी भिंगाचा, यात वरून बघायचं, याचा पडदा कापडी, याचा धातूच्या पात्यांचा. दोन तास गेले. त्या ऐकत होत्या. मधूनमधून "हो का" म्हणत होत्या. बायको दारात उभी राहून ओठ चावत होती, तिला घाई असावी.

शेवटी सासूबाईंनी एकच विचारलं, "जावईबापू, यातले चालतात किती?"

जवळजवळ सगळे, मी म्हणालो.

"म्हणजे किती?"

मोजले तर सहा निघाले. काट्याच्या धंद्यातल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये.

१२ फेब्रुवारी, बुधवार

थोरल्याची पहिली चाचणी, आमच्याच गच्चीवर, पाण्याच्या टाकीसमोर. सासूबाई ऊन खायला आल्या होत्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पुढे भिंग, मागे दुधी काच, मध्ये हार्मोनियमसारखा कातडी भाता. काळं कापड डोक्यावर घेतलं की काचेवर चित्र दिसतं, पण डोकं खाली पाय वर, तेव्हा दचकू नका. मग काचेच्या जागी फिल्मचा चपटा कप्पा सरकवायचा. कप्प्याची पट्टी ओढली की फिल्म उघडी. याला खटका नसतो, भिंगावरचं पितळी झाकण काढायचं, सेकंद मोजायचे, झाकण लावायचं.

"हो का," त्या म्हणाल्या. एकदा बघू का, असं विचारून त्यांनी कापडाखाली डोकं घातलं आणि चार-पाच सेकंदांत बाहेर काढलं. म्हणाल्या, टाकी डावीकडे कललीये. मी पाहिलं, खरंच कललेली होती. ताज्या ऑपरेशनच्या मानानं नजर छान आहे. डॉक्टरला सांगायला हवं.

दुपारी बाथरूमच्या फटीत टॉवेल कोंबून, लाल दिवा लावून फिल्म धुतली, वाळल्यावर कागदावर उतरवली. टाकी दिसते आहे, पण तिच्यातून आरपार पांढरा पट्टा गेलाय, वीज पडल्यासारखा. फिल्म जुनी असणार. फिल्मच्या दहा सुट्या पत्र्यांची पेटी होती, एक गेला. नवी पेटी कुठे मिळत नाही, चौकशी केली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा पत्रा. तोच पट्टा, शिवाय एक ठिपका. माझा हात हलतो का? हाताचा आणि पट्ट्याचा काय संबंध, हेही कळत नाही. आज खरं तर फार खचलो.

घरातली बॅटरी सापडत नाहीये. सासूबाईंनी बायकोकडून काळा कागद आणि डिंक मागून घेतला. चष्म्याच्या घराला अस्तर लावायचंय म्हणे. काहीतरी विरंगुळा मिळाला, बरं झालं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पट्टा गेला! तिसऱ्या पत्र्यावर टाकी स्वच्छ, नळाची तोटीसुद्धा मोजून घ्यावी अशी. म्हणजे पेटीतले वरचे दोन पत्रे तेवढे खराब होते. शिवाय आता माझा हात बसत चाललाय. जेवताना मी दोघींना सांगितलं की या कॅमेऱ्याशी जबरदस्ती करून चालत नाही, त्याचा विश्वास मिळवावा लागतो. बायकोला ठसका लागला.

बॅटरी सासूबाईंच्या उशीखाली सापडली. रात्री उठायला लागत असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

जागा बघायला केंद्रात गेलो. सासूबाईही आल्या, घरात बसून कंटाळल्यात. केंद्रप्रमुखबाईंनी चहा मागवला. सासूबाई चहा विसरून भिंतीवरच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, काळा चष्मा काढून, नाक काचेला लागेल इतक्या जवळ. साहजिक आहे. नवऱ्याची कला पन्नास वर्षांनी समोर आली की कुणालाही भरून येईल.

मी विचारलं, काय बघताय? म्हणाल्या, "मागच्या ओळीतल्या या उंच माणसाला खोकला होता. तो दाबून धरलाय बिचाऱ्यानं. बघा गळ्याशी."

फोटोतून खोकला ओळखणं हे मला फार काव्यात्म वाटलं.

नंतर अंगणात मी कॅमेरा कुठे ठेवावा याचा विचार करत होतो. त्या बंबाच्या दारापासून चालत निघाल्या आणि बारा-तेरा पावलांवर थांबल्या. म्हणाल्या, इथे ठेवून बघा. आणि साडेदहाच्या आत उरका, पुढे ऊन दारात येतं आणि टोप्यांच्या सावल्या डोळ्यांवर पडतात. इतकी वर्षं नवऱ्याचं बघून बघून थोडंफार कानावर पडलं असणार. वाण नाही पण गुण लागतोच.

२ मार्च, रविवार

वाईट आठवडा. तीन पत्रे वाया घालवले. एकदा काळं, दोनदा नुसता दूध-भात. आतापर्यंत सहा संपले, उरले चार. सव्वीस माणसं येणार आहेत, सगळी गणवेशात, त्यांच्या घरची माणसं बघायला येणार. मला कालपासून सारखं वाटतंय की बाईंना फोन करून सांगावं, मोबाइलवर काढा, छान येतो. फोन उचललाही होता.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. माझं तोंड बघून बसल्या. मी म्हणालो, आई, मला हे जमणार नाही. मला कॅमेऱ्याचं सगळं माहीत आहे, फक्त फोटो काढता येत नाही. असं मी आजवर कुणाला म्हणालो नव्हतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही मोजताना घाई करता. चार म्हणता तेव्हा अडीच झालेले असतात. श्वास सोडा, आणि मग मोजायला लागा."

मनगटी घड्याळ समोर ठेवून तपासलं. माझे चार म्हणजे बरोब्बर अडीच. आयुष्यभर लोकांचे काटे तपासले आणि माझाच काटा खोटा.

९ मार्च, रविवार

आनंदाचा दिवस. सातवा पत्रा उत्तम. बायकोला शेजारच्या भिंतीपाशी उभं केलं, श्वास सोडला, मोजलं. तिच्या भुवया मोजता येतात. ती मात्र फोटोत अशी उभी आहे जशी कुणी तिला ओळखपरेडला आणलंय. का कोण जाणे, माझ्या सगळ्या फोटोंत माणसं तशीच उभी असतात.

खुशीत येऊन सासूबाईंना कपाटातला सर्वांत साधा डबा कॅमेरा दिला, ज्यात बिघडण्यासारखं काही नाही. म्हटलं, तुम्हीही काढून बघा, आठ फोटो आहेत. त्या नको नको म्हणत होत्या. मग तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. त्यांनी चारच काढले: खिडकी, शेजारच्या शिंपीणबाई, जिन्यातली मांजर, पुन्हा शिंपीणबाई. मी धुतले. चारही आले. शिंपीणबाई सुई ओवतायत आणि जीभ जराशी बाहेर आहे. त्या बाईंना मी पंधरा वर्षं बघतोय, पण त्या अशा दिसतात हे मला माहीत नव्हतं.

नवशिक्याचं नशीब म्हणतात ते हेच. मी तसं म्हणालोही. उत्तेजन द्यायला हवं.

२१ मार्च, शुक्रवार

उरले दोन पत्रे. आठवा सरावात गेला, तो बरा आला. दोन्ही पत्रे कप्प्यांत भरून ठेवले, वर चिठ्ठ्या लावल्या. तिवईचे स्क्रू आवळले. झाकण तीनदा काढून लावून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, आता त्याला झोपू द्या.

२२ मार्च, शनिवार

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

नऊला पोचलो. आकाशात पातळ ढग, उजेड सपाट आणि मऊ. तिवई त्याच बारा-तेरा पावलांवर. सव्वीस माणसं तीन ओळींत, मध्ये केंद्रप्रमुखबाई. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर खास पाहुणे म्हणून भोंगाकाका. जुन्या फोटोतल्या एकोणीस जणांपैकी हे एकटेच आता इथे आहेत. उमेदीत भोंगा वाजवायचं काम त्यांचं होतं, आणि अजूनही ते समोरचा माणूस दोन गल्ल्या पलीकडे असल्यासारखेच बोलतात. सासूबाई काळं कापड धरून कॅमेऱ्याशी उभ्या होत्या. भोंगाकाकांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं, खुर्चीवरून उठले, जवळ आले.

"बाई, आजही तुम्हीच का?"

"नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "आज आमचे जावई."

भोंगाकाकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि परत जाऊन बसले. वय झालंय, गफलत होते. मी मनावर घेतलं नाही.

काचेवर चित्र लावलं. कप्पा सरकवला. पट्टी ओढली. आणि त्याच क्षणी लक्षात आलं की झाकण माझ्या खिशात आहे. भिंग सताड उघडं, फिल्म सताड उघडी. नववा पत्रा मी श्वास सोडायच्या आतच जाळला. सव्वीस माणसं छाती काढून उभी, कुणालाच काही कळलेलं नाही. फक्त सासूबाईंनी हळूच कानाशी म्हटलं, "दुसरा कप्पा. त्यांना सांगा, ही रंगीत तालीम होती."

तसं सांगितलं. झाकण लावलं. शेवटचा पत्रा घातला. पण समोर बघतो तर सगळे दगड. माझ्या फोटोंतल्या माणसांसारखेच. सासूबाई म्हणाल्या, "यांना जरा सैल करा. ते मला जमत नाही."

मला दुसरं काय येतं? काट्याची गोष्ट सांगितली. एक वाणी आहे, तो रोज सकाळी स्वतःच्या मोठ्या काट्यावर उभा राहून काटा बरोबर आहे का ते बघतो. दर सहा महिन्यांनी मला बोलावतो, म्हणतो काटा बिघडला, जास्त दाखवतो. मी तपासतो, काटा ठीक. गेल्या खेपेला मी त्याला म्हणालो, शेठ, आकडा कमी करायचा असेल तर काट्याला हात लावू नका, रात्रीचं जेवण सोडा. तर तो म्हणाला, जेवण सोडून बघितलं, पण मग भूक लागते आणि उभं राहिलं की हात थरथरतो, म्हणून काटा आणखी चुकतो.

खरं तर फार मोठा विनोद नाही. पण भोंगाकाका एवढे खदाखदा हसले की त्यांचं हसणं मागच्या ओळीपर्यंत पोचलं. खांदे उतरले, बाईंची टोपी जरा मागे गेली. हसू ओसरत आलं तशा सासूबाई म्हणाल्या, "आता."

पट्टी ओढली. श्वास सोडला. झाकण काढलं. एक. दोन.

आणि घंटा वाजली.

सराव नव्हता, खरी घंटा. मी झाकण हातात धरून, तोंड उघडं ठेवून घंटेकडे बघत राहिलो. लिहितानाही लाज वाटते. पण सासूबाईंनी घंटेकडे पाहिलंच नाही. पहिल्या ठोक्याला, कुणाचा पाय उचलायच्या आत, त्यांनी आपला तळहात भिंगावर ठेवला. नुसता ठेवला, कॅमेऱ्याला धक्काही लागला नाही. मग सव्वीसांतली चोवीस माणसं पाखरं उडावीत तशी उडाली. बाई धावतानाच टोपी बदलत होत्या. मिनिटाभरात दोन बंब बाहेर. अंगणात उरलो भोंगाकाका, फोन सांभाळणारे दोघे, घरची मंडळी आणि आम्ही.

"झाकण लावा," सासूबाई म्हणाल्या. हात त्यांनी अजून काढला नव्हता.

आग एका बेकरीच्या धुराड्यात होती. तासाभरात विझली, कुणाला इजा नाही, ही बातमी घेऊन बंब परत आले. पण गणवेश काळे, तोंडं काळी, आणि माझ्याकडे पत्रा नाही. मी बाईंना म्हणालो, उद्या सांगतो. चार हवे होते तिथे दोन सेकंद. अर्धा उजेड.

२३ मार्च, रविवार

सकाळी उठून कप्पा उचलला आणि बाथरूमकडे निघालो. सासूबाई दारात उभ्या. काळा चष्मा नव्हता.

"जावईबापू, आज हे मला करू द्याल?"

मी विचारलं, तुम्हाला येतं? बायको मागून म्हणाली, "दे तिला." तिच्या आवाजात असं काही होतं की मी दिलं.

त्या आत गेल्या, दार लावलं. मला बाहेर स्टुलावर बसवलं, हातात घड्याळ, दर मिनिटाला ओरडून सांगायचं. आतून थाळ्या पुसल्याचा आवाज, मग पाणी. औषध नेहमीपेक्षा पातळ केलं असावं, त्या बराच वेळ ढवळत होत्या. पत्रा पाण्यात गेल्याचा आवाज मला ओळखता येतो. तो इतका हळू कधी ऐकला नव्हता.

"एक," मी म्हणालो. "दोन."

तिसऱ्या मिनिटाला माझ्या डोक्यात एकेक गोष्ट सरकायला लागली. बॅटरी. काळा कागद, डिंक. म्हणजे अंधारात भात्यात बॅटरी लावून भोकं शोधली, आणि कागद चिकटवला. चष्म्याच्या घराला कशाला अस्तर लागतं? बारा-तेरा पावलं. शिंपीणबाईंची जीभ. मला एकदम इतकं गरम झालं की मी स्टुलावरून उठलो.

"आई," मी दाराला म्हणालो, "केंद्रातला तो जुना फोटो कुणी काढलाय?"

आत पाणी हलत होतं.

"चार झाली का?" त्यांनी विचारलं.

"चार."

"दोघांनी काढला," त्या म्हणाल्या. "ते माणसं हसवायचे. हसून झाल्यावर तोंडावर जे उरतं, तेवढं मी धरायचे. मला हसवता कधी आलं नाही आणि त्यांना सेकंद कधी मोजता आले नाहीत. तुमच्यासारखेच घाई करायचे."

"पण कुणी कधी बोललं नाही."

"कापडाखाली डोकं घातलेल्या माणसाचा चेहरा कुणाला दिसतो? शिक्का त्यांच्या नावाचा होता, लोकांना ते आवडायचे. मलाही आवडायचे. पाच झाली?"

पाच झाली होती. मी सांगायला विसरलो होतो.

नेहमी मी सहाला पत्रा काढतो. त्यांनी अकराव्या मिनिटापर्यंत ठेवला. लाल दिव्याशी धरून बघायच्या, परत बुडवायच्या. मग दार उघडलं आणि ओला पत्रा खिडकीच्या उजेडात धरला. पातळ होता, पण त्यात सगळं होतं. दुपारी कागदावर उतरवला: तीन ओळी, सव्वीस माणसं आणि भोंगाकाका. ओठांवर नुकतंच संपलेलं हसू. आणि बघत राहिलं की जाणवतं, सगळ्यांच्या नजरेत काहीतरी आहे, कान टवकारल्यासारखं. घंटा कानात शिरलीये, पायांत अजून उतरलेली नाही. असा फोटो ठरवून कुणाला काढता येणार नाही.

बावीस वर्षं मी या बाईंना कॅमेरा म्हणजे काय ते सांगतोय.

२४ मार्च, सोमवार

बायकोला जाब विचारला. ती म्हणाली, आईनंच बजावलं होतं, जावई एवढ्या हौसेनं सांगतात, त्यांचा हिरमोड करू नको. आणि दोन तासांचं ते भाषण? ती म्हणाली, आईला आवडलं. बाबा गेल्यापासून तिच्याशी कुणी कॅमेऱ्याबद्दल बोललंच नव्हतं.

मग तिनं मला विचारलं, डोळ्यांचा दवाखाना आईच्या घरापासून चार पावलांवर आहे, तर ती इतक्या लांब का आली असेल? मी म्हटलं, हवापालट, दुसरं काय. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि डब्यात जास्तीची पोळी घातली.

३० मार्च, रविवार

फोटो लागला, जुन्याच्या शेजारी. केंद्रप्रमुखबाईंनी चौकटीखालच्या पट्टीसाठी माझं नाव मागितलं होतं. मी दोन नावं दिली, पहिलं सासूबाईंचं. त्यावर भोंगाकाका केंद्रात येऊन सर्वांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाले की मग जुन्याखालीही लावा, बंबावर उभा राहून मी बघितलंय, कापडाखाली बाईच होत्या. केंद्रप्रमुखबाईंनी तीही पट्टी करून घेतली. तिच्यावर सासरे आणि सासूबाई, दोघं.

सासूबाईंना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या नव्या चष्म्यातून दोन्ही पट्ट्या वाचत राहिल्या. इतका वेळ वाचण्याइतकी अक्षरं त्यावर नाहीत. मला वाटलं आता रडतील, आणि मला रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं ते कळत नाही, म्हणून मी वाण्याची गोष्ट पुढे सांगायला घेतली.

"गप्प बसा जरा, जावईबापू," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

६ एप्रिल, रविवार

डॉक्टरांनी डोळा पास केला. सासूबाई परत जायचं म्हणत नाहीत, आम्ही विचारत नाही. कपाटाची किल्ली मी कपाटालाच लावून ठेवली आहे.

परवा, शुक्रवारी, त्यांनी त्यातला दुहेरी भिंगाचा कॅमेरा घेतला, रोल भरला, आणि जेवायला थांबू नका म्हणून दहाला बाहेर पडल्या. मी घरीच होतो, काम नव्हतं. थाळ्या घासल्या, मग पुन्हा घासल्या. चार वाजता आल्या, पायांवर धूळ. रोल माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, आता तुम्ही धुवा, मी बाहेर बसते.

दार लावून मी विचारत राहिलो, आई, आता काढू? त्या म्हणायच्या, अजून थोडं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना काही समजावून सांगितलं नाही.

बारापैकी बाराही आले. काल आणि आज मिळून ते कागदावर उतरवले, आणि आत्ता दोरीला वाळत घातलेत. सगळे बस डेपोतले. उजेड अचूक, एकही हललेला नाही. पण बारापैकी नऊ फोटोंत बायको आहे: फळ्यावर आकडे पुसताना, चालकाशी वाद घालताना, शिट्टी तोंडात धरून दोन्ही हातांनी बस मागे घेताना, एका रिकाम्या बाकावर चप्पल काढून बसलेली. तिला कुणी फोटो काढतंय हे माहीतच नव्हतं. सासूबाईंना बसगाड्या काढायच्या असणार, आणि ही सारखी मध्ये मध्ये आलेली दिसते.

बायको केव्हापासून दोरीखाली उभी आहे. कपडे गोळा करायला आली होती, ते तसेच खांद्यावर आहेत. बाकावरच्या फोटोला हात लावायला गेली.

"ओला आहे अजून," सासूबाई म्हणाल्या. "वाळू दे."

ती हात मागे घेऊन तिथेच उभी राहिली आहे.